रेकॉर्डला नाही

हिंगोली जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला. मी कनिष्ठ लिपिक होते; सगळ्या विद्यार्थ्यांच्या नोंदी रजिस्टरांवरून मीच त्यात चढवल्या. सव्वीस जानेवारीला शाल-श्रीफळ मिळालं. रजिस्टरं गोणपाटात बांधून माळ्यावर टाकली. आता ती लागणार नाहीत, असं मीच मुख्याध्यापक सरांना सांगितलं.

जूनमध्ये एक पालक आले. मुलीची दहावी झाल्यावर मजुरीसाठी आखाडा बाळापूरकडं राहायला गेलेले. तिचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. नर्सिंगच्या प्रवेशासाठी शुक्रवार शेवटचा दिवस. मी नाव टाकलं. नोंद सापडली नाही.

"रेकॉर्डला नाही," मी म्हणाले.

"न्हाई कसं, म्याडम? पाचवीपासून इथंच होती की."

"मशीन चुकत नाही."

"मशीनला ठाऊक नसंल. तुमाला तरी ठाऊक हाय का न्हाई? झेंडावंदनाला गाणं कोण म्हनत होतं?"

मला ठाऊक होतं. ती चेहऱ्यासकट डोळ्यांपुढं उभी राहिली. तरी मी म्हणाले, "दुसऱ्या शाळेत चौकशी करा."

गुरुवारी ते पुन्हा आले. "काहून असं करून राहिल्या, म्याडम?" मी पुन्हा तेच उत्तर दिलं. माळ्यावर चढून गोणपाट सोडायला दहा मिनिटं लागली असती. पण सरांसमोर, शाल घेतलेल्या बाईनं?

शनिवारी शिपाईमामांनी स्वतःच्या लेकीचा दाखला मागितला. तीही सापडेना. मामा म्हणाले, "आता माझी लेक बी या शाळेत नव्हती म्हना!"

तेव्हा कुठं मी नीट पाहिलं. नाव शोधताना मशीन मूळ फाईल वाचत नाही. पुस्तकामागच्या सूचीसारखी वेगळी इंडेक्स फाईल असते, तिच्यात बघतं. मी इंडेक्स न लावता मूळ फाईल उघडली. दोघी मुली शेवटच्या नोंदींत होत्या. दुपारी दोनला लाईट जायची, हे माहीत असूनही एका दिवशी मी फाईल बंद न करता टाईप करत राहिले होते आणि मध्येच लाईट गेली होती. सूची तिथंच बिघडली आणि शेवटची नावं तिच्यात आलीच नाहीत. जुनी इंडेक्स पुसली, नवी बांधली. चहा निवायच्या आत काम झालं.

सोमवारी ते पालक आले. "औंदाचं तर गेलं. पुढल्या वर्षी लागंल, म्हून पुन्हा बघा म्हनलं."

दाखला सरांच्या सहीला नेला, ते पालकही मागोमाग आले. सरांनी अर्जावरची नर्सिंगची तारीख वाचली. "मुदत तर संपली. एवढा उशीर का?"

"पालक उशिरा आले, सर."

पालकांनी माझ्याकडं पाहिलं. मग सरांकडं वळून म्हणाले, "व्हय, उशीरच झाला."

जावक वहीत सावकाश सही करून त्यांनी दाखला घेतला आणि जाताना मला नमस्कार केला.