शेवटचं कबूतर उतरेपर्यंत

महिना होऊन गेला. मी शिरूरला घरी चहा पीत होतो आणि दौंडहून वहिनींचा फोन आला. "भावजी, ह्ये गेलं," एवढंच त्या म्हणाल्या. माझा जुना दोस्त बबन गेला... मला रडू आलं नाही, नुसता थकवा आला. इतकी वर्षं दोघं माना वर करून आभाळात बघत बसलो होतो, ती मान आता दुखायला लागली.

बबन रेल्वेत फिटर, पण डोक्यात सदैव कबुतरं. नव्वदच्या सुमारास दौंडात हा नाद असलेली माणसं मोजकीच. लोक आम्हाला रिकामटेकडे म्हणत, वहिनीही म्हणत. सकाळी कुणाच्या तरी गच्चीवर जमायचं, ढाबळीतून त्याची कबुतरं सोडायची आणि ती किती वेळ हवेत टिकतात ते बघायचं. नियम एकच, शेवटचं कबूतर उतरेपर्यंत मालकानं पाणी प्यायचं नाही. भर उन्हात बबन सुकल्या ओठांवरून जीभ फिरवत बसायचा. "ते वर तहानलेलं हाय, आन् मी खाली ढोसू व्हय?" म्हणायचा.

पुढे या नादाला चांगले दिवस आले, म्हणजे आमचे गेले. पाटसपासून पाबळपर्यंत स्पर्धा भरू लागल्या. मांडव, फ्लेक्स, ढाली, पाहुण्यांचे सत्कार... पाण्याचा नियम सांगितला की पोरं हसायची आणि थंड्याच्या बाटल्या उघडायची.

एका वर्षी मांडव बबनच्याच दारात पडला. त्यानं आपली लाडकी पांढरी मादी, शेवंती, उडवली. दुपार कलताना ती गच्चीपर्यंत आली आणि लाऊडस्पीकरवर भाषण सुरू झालं. ती बिचकून पुन्हा वर गेली. बबननं आयोजकापुढे हात जोडले. "आप्पा, जरा बंद करा. तिला घरला येऊ द्या."

"पाव्हणं बोलत्यात. दम धरा की."

शेवंती पाटसच्या बाजूला गेली ती गेलीच. मांडव उतरला तरी बबन कोरड्या घशानं गच्चीवर बसून होता. शेवटी वहिनींनी तांब्या त्याच्या तोंडाला लावला. नंतर तो स्पर्धेत उतरला नाही, घरच्या घरी उडवत राहिला. "त्यान्लाबी कबुतरं आवडत्यातच की," स्पर्धावाल्यांबद्दल म्हणायचा. मला ते अजून पटलेलं नाही.

गेल्या आठवड्यात दौंडला गेलो. वहिनी गच्चीवर होत्या. आयुष्यभर त्या ढाबळीला नावं ठेवणाऱ्या वहिनींनी कबुतरं सोडली होती. त्यांनी मला पाणी दिलं. त्यांचेच ओठ सुकलेले दिसले, म्हणून म्हणालो, "आधी तुम्ही घ्या."

त्यांनी कपाळावर हात धरून वर पाहिलं. "तुम्ही प्या भावजी. माझं एक अजून वर हाय."

मी तांब्या खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी बसलो.