मामांनी पास केलेलं घर

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून असं एकही नवं घर सापडायचं नाही, ज्याला आमच्या हिच्या मामांनी नावं ठेवलेली नाहीत. 'आमची ही' म्हणजे माझी बायको सुमन, आणि मामा म्हणजे तिच्या आईचे थोरले भाऊ. सुमनचे वडील ती लहान असतानाच गेले. मामांनीच तिला वाढवलं, शिकवलं आणि माझ्या गळ्यात बांधलं. हे उपकार मी विसरलेलो नाही, पण मामांनी ते पुरेपूर वसूल केले. मंचरच्या पलीकडे राहणारा हा सत्तरीचा माणूस, कुणी बोलावो न बोलावो, कुठे नवं घर ताब्यात द्यायची वेळ आली की जीपच्या मागच्या फळीवर अर्धं बूड टेकून तिथे हजर व्हायचा. खांद्याला रेक्झिनची पिशवी. तिच्यात ओळंबा, पाण्याची लेव्हल बघायची पारदर्शक नळी, वीतभर लोखंडी गज आणि गेरूचा खडा. बरं, मामा इंजिनिअर नव्हेत की गवंडी नव्हेत. जन्मभर शेती केली आणि गावची पोलीस पाटीलकी सांभाळली. घरं तपासण्याचा अधिकार यांना दिला कुणी, हे विचारायची आमच्या नात्यागोत्यात कुणाची छाती नव्हती.

मामांची तपासणी उंबऱ्यापासून सुरू व्हायची. चप्पल काढायची, डोळे बारीक करायचे आणि एकेका फरशीवर गज टिचकावत पुढे सरकायचं. प्रत्येक टिचकीला मान तिरकी करून ऐकायचे. आवाज पसंत पडला नाही, की "पोकळ हाय," एवढं म्हणून गेरूने गोल काढायचे. भिंतींचंही तेच. गिलावा फुगलेला दिसला, गोल. कोपरा काटकोनात नाही, गोल. दुपारी जेवणं झाली की घरमालकाला वाटायचं, आता म्हातारा कलंडेल. म्हातारा कलंडायचाही, पण थेट मोरीच्या तोंडाशी. गाल फरशीला टेकवून उतार कुठे जातो ते बघायचे आणि पडल्यापडल्याच ओरडायचे, "पानी मोरीत न्हाई, देवघरात चाललंय तुमचं!" नारायणगावच्या एका टोमॅटोच्या व्यापाऱ्याने मामांच्या धसक्याने आपल्या बंगल्याची वास्तुशांत कुणाला न सांगता उरकली. मामांना आठवड्याने कळलं. ते गेले, चहा प्यायले, कपबशी खाली ठेवताना टीपॉयऐवजी जमिनीकडे बघून "हंऽऽ" म्हणाले आणि उठून निघून आले. त्या 'हं'च्या पायी त्या माणसाने महिन्याभरात हॉलची सगळी फरशी उखडली म्हणे.

दारांची तऱ्हा तर विचारूच नका. प्रत्येक खोलीत स्वतःला कोंडून घेतल्याशिवाय मामांची खात्री पटत नसे. खोडदला माझ्या आत्याच्या नव्या घरी ते बाथरूममध्ये शिरले, कडी लावली आणि ती तिथेच अडकली. बाहेर पंगती उठल्या, पानसुपारी झाली, तेव्हा कुणाला तरी आठवलं, अरे, मामा कुठेत? दार मोडून काढलं, तर मामा पालथ्या बादलीवर शांत बसलेले. "अहो मामा, हाक नाही का मारायची?" मी वैतागून म्हणालो. मामा म्हणाले, "हाक मारली आस्ती तर कडीचा दोष कळला आस्ता, भिंतीचा न्हाई. आतला माणूस बाहेर आयकू येतोय का, ते बघत व्हतो. श्वास घेत व्हतो की मोठ्यानं!" आता अशा माणसाशी काय बोलायचं, सांगा.

दुसऱ्याच्या घरी हे सगळं बघायला गंमत वाटायची. आमचं घर झालं तेव्हा माझ्या नाकी नऊ आले. मी नारायणगावात शाळामास्तर, तीन खोल्यांत भाड्याने राहत होतो. खोडदच्या रस्त्याला एक गुंठाभर जागा घेऊन दोन वर्षं त्या बांधकामाच्या मागे फिरत होतो. वाळू आली तर सिमेंट नाही, सिमेंट आलं तर पोपट मिस्त्री कुणाच्या तरी लग्नाला. शाळा सुटली की सायकल काढायची, विटांवर पाणी मारायचं, उद्या नक्की येतो हे ऐकायचं आणि परत यायचं. त्यात आमच्या घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं. अक्षय्य तृतीयेपर्यंत खोल्या रिकाम्या करून द्या, असं त्याने हात जोडून सांगितलं. भला माणूस होता, त्याला नाही म्हणवेना. आणि इकडे सुमनने एक वाक्य धरून ठेवलं होतं: "मामा बरं म्हणाल्याशिवाय मी नव्या घरात दूध उतू घालवणार नाही." दूध उतू गेल्याशिवाय राहायला जायचं नाही, हे तर ठरलेलंच.

मामा पहिल्यांदा आले आणि नुकत्याच रंग दिलेल्या माझ्या घराला देवी आल्यासारखं दिसायला लागलं. जिकडे बघावं तिकडे गेरूचे गोल. मिस्त्रीने ते दुरुस्त केले. मामा पुन्हा आले, नवे गोल काढले. तिसऱ्या खेपेला तर त्यांनी गच्चीच्या पन्हळीत बोळे कोंबले आणि टँकर मागवून भरलेल्या टाकीतलं सगळं पाणी वर सोडून दिलं. गच्ची गळते का बघायचं, तर तीन दिवस पाणी कोंडून ठेवायचं. ऐन चैत्रात, नळाला दिवसाआड पाणी! शेजारच्या काकू कमरेवर हात ठेवून रस्त्यात उभ्या राहिल्या. "आमच्या हंड्यात ठिपूस न्हाई आन् ह्यांच्या गच्चीवर तळं! बदकं सोडा आता, मास्तर!" दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओल उतरली, तेव्हा मामांचा चेहरा असा फुलला की जणू त्यांना नातू झाला. मिस्त्रीने कठड्याच्या कडेला सिमेंट भरलं. मामा म्हणाले, "आता परत तीन दिस पानी भरा, मी यिऊन बघतो. त्याबिगर चावी घ्यायची न्हाई, जावईबापू." मिस्त्री मला बाजूला घेऊन रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, एकतर मी, न्हाईतर मामा. काय ते ठरवा राव."

मी ठरवलं. खरं तर मी ठरवलं नाही, मी थकलो होतो. तृतीया आठवड्यावर आली होती. पुन्हा टँकर, पुन्हा शेजारच्या काकू, पुन्हा तीन दिवस, हे मला पेलवेना. मी मिस्त्रीकडून चावी घेतली आणि घरी येऊन बायकोशी धडधडीत खोटं बोललो. "मामांचा शाळेत फोन आला होता. घर बरं आहे, घ्या चावी, म्हणाले." सुमनचं तोंड असं उजळलं की माझी मलाच लाज वाटली. पण लाज वाटायलाही अंगात त्राण लागतं, तेवढं माझ्यात उरलं नव्हतं.

वास्तुशांतीच्या दिवशी सकाळपासून घर माणसांनी भरलं. रंगाऱ्याच्या हातून स्वयंपाकघरातला एक गोल पुसायचा राहून गेला होता. खोडदच्या आत्याला वाटलं, हे काहीतरी गुरुजींनी पूजेसाठीच काढलेलं असणार. तिने त्यावर हळदीकुंकू वाहिलं. तिचं बघून आलेली प्रत्येक बाई तिथे वाकून नमस्कार करायला लागली. पोकळ गिलाव्यापुढे तांदूळ आणि सुपाऱ्यांचा ढीग साचला. मी ते बघून हसणार, एवढ्यात फाटकातून मामा आत आले. एका हातात आहेराचं लुगडं, खांद्याला पिशवी.

सुमन धावत गेली, पाया पडली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मामा, तुमचा फोन आला, तुम्ही बरं म्हणालात, म्हणूनच मी आज दूध ठेवणार हं!" मामांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी मांडवाच्या खांबाला धरून उभा होतो. मामा सावकाश म्हणाले, "व्हय. म्हणालो व्हतो."

ती आत गेल्यावर मामांनी मला मांडवाबाहेर उरलेल्या विटांच्या ढिगावर बसवलं. आता चांगली हजेरी घेणार, अशी मी मनाची तयारी केली. पण ते आवाज न चढवता बोलले. "जावईबापू, आमचं गाव धरणात गेलं, तवा वर नवी वसाहत झाली. ठेकेदाराची घाई. यादी पुढं केली, म्हणला, पाटील, सगळी घरं चांगली हायेत, सही करा, लोकं उघड्यावर बसल्यात. मी एक घर उघडून बघितलं न्हाई. सही केली, चाव्या वाटल्या. पैल्याच पावसात निम्मी रांग गळाया लागली. शेवटच्या घरात एक म्हातारी व्हती, एकटी. चार महिने कोपऱ्यात बाज ओढून बसली. मी दारावरनं जायाचो तर वर बघायची, पर बोलली न्हाई कदी. शिव्या दिल्या आस्त्या तर बरं झालं आस्तं." मग ते म्हणाले, "सुमीला ह्यातलं ठावं न्हाई. सांगू नगा."

"मामा, चुकलो," एवढंच कसंबसं म्हणालो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मामा उठले, चपला काढल्या आणि तपासणीला लागले. गुरुजी खोळंबले, पंगत खोळंबली, पोरं भुकेने रडायला लागली. मी सगळ्यांना सांगितलं, थांबा. खोल्या झाल्या, दारं झाली. शेवटी मामा एकटेच गच्चीवर गेले आणि बराच वेळ खाली आले नाहीत. सुमन पातेलं हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मामा जिना उतरून आले, तिच्यापुढे थांबले आणि म्हणाले, "सुमे, दूध ठेव. लई झ्याक घर हाय." मामांच्या तोंडून हे वाक्य त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं. आत्याने तर चक्क टाळ्या वाजवल्या.

जेमतेम पंधरा दिवस गेले असतील. सुमन बाजाराला गेली होती आणि दारात जीप थांबली. मामा उतरले, मागून सिमेंटची अर्धी गोणी उतरवली. मला म्हणाले, "घमेलं काढा. ती यायच्या आत उरकू." गच्चीवर नेऊन त्यांनी कठड्याच्या कडेला बोट ठेवलं. केसाएवढी चीर. मिस्त्रीने भरलेलं सिमेंट सुटलं होतं. "मला त्याच दिशी दिसली व्हती," मामा म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो आस्तो तर पोरीनं दूध उतरवलं आस्तं. आन् तुमचं खोटं तिला कळलं आस्तं. नवीन घरात पैल्या दिशी तसलं काय ऱ्हाऊ ने." ते गुडघे धरत खाली बसले आणि चीर खरवडायला लागले. "दोनदा खोटं पास केलं मी जन्मात. त्या रांगंचं काय करता आलं न्हाई. हे तरी मिरगाच्या पावसाआत बुजवतो."

त्या दुपारी उन्हात मी मास्तर असून घमेली वाहिली. थापी मात्र मी मागितली तरी मामांनी दिली नाही. सुमन आली तेव्हा आम्ही दोघं ओसरीवर चहा पीत होतो. "आसंच आलतो," मामा तिला म्हणाले.

मामांना जाऊन आता काही वर्षं झाली. सुमन अजून आल्यागेल्याला सांगते, "मामांनी जन्मात एकच घर झ्याक म्हणून पास केलं, ते आमचं." मी मान हलवतो. दर उन्हाळ्याच्या शेवटी मी गच्चीवर जातो आणि कठड्याच्या कडेला उकिडवा बसून नीट बघतो. खाली आलो की ती विचारते, "काय, बरी आहे ना गच्ची?"

"बरी आहे," मी म्हणतो. आता न बघता म्हणत नाही.