शाईवरची वाळू

बँकेतून निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी मी गावातल्या इतिहास मंडळात जुने कागद साफ करायला जाते. काम अगदी साधं. मऊ ब्रशनं मोडी कागदांवरची धूळ झटकायची आणि डब्यात टाकायची. काल शेजारी ऋता बसली होती, इंटर्नशिपला आलेली. मी टेबलावरची धूळ गोळा करून टाकणार, तोच ती ओरडली, "काकू, थांबा! हे चमकतंय!"

खरंच की! खिडकीतून आलेल्या उन्हात बारीक कण लुकलुकत होते. मंडळाचे चिटणीस धावत आले, भिंग लावून बघितलं आणि लहान मुलासारखे हसले. "अहो, ही वाळू! ओली शाई टिपायला लिहिणारे वरून भुरभुरायचे."

मग त्यांनी तो कागद वाचून दाखवला. मजकूर काय, तर कुणाची तरी म्हैस दुसऱ्याच्या शेतात शिरल्याची तक्रार. पण मला म्हैस दिसेचना. दिसत होता तो हात, चिमूटभर वाळू टाकणारा, कागदाची घडी घालायची घाई झालेला. बाहेर निरोप्या खोळंबला असेल. तो गेला, लिहिणारा गेला, म्हैसही गेली. त्यांची घाई मात्र घडीत अजून तशीच! ऋतानं ते कण पुडीत बांधले आणि मी आनंदानं ती पुडी कपाटात जपून ठेवली.

निघताना हजेरीपटावर सही केली. केली होती बॉलपेननंच, तरी तिच्यावर हळूच फुंकर घातली.