उलट्या फेरातली चौथी

श्रावणातली सकाळ, गाव वालूर... आणि माझा डावा हात लुगड्याच्या चिंधीनं कमरेला बांधलेला. मी आठ वर्षांची होते. ही निजामाच्या राज्यातली गोष्ट आहे, आज मी नव्वदीला आलेय. नातीनं फोनवर मराठी लिहायला शिकवलं, म्हणून आज लिहून टाकतेय.

मी जन्मतः डावखुरी. भाकरी डाव्या हातानं तोडायचे, झाडूही डाव्याच हातात यायचा. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते बिलकूल खपायचं नाही. पुढं लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील, ही त्यांची धास्ती.

म्हणून रोज सकाळी हात बांधायचा असा त्यांचा हुकूम. आई गाठ सैल मारायची, पण मारायचीच... उजव्या हातानं माझ्याकडून तांब्या पडायचा, दूध सांडायचं. मग मी हळूहळू कमी बोलायला लागले. चार माणसांत जेवायलाच नको वाटायचं, भाकरी घेऊन गोठ्यात वासराजवळ जाऊन बसायचे.

त्या वर्षी गावातल्या शिंपीमामांनी गोकुळाष्टमीला पोरांचा गोफ बसवायचं ठरवलं. मारुतीच्या पारासमोर मोठा लिंब होता. त्याच्या फांदीला त्यांनी आठ रंगांच्या आठ कापडी दोऱ्या बांधल्या. प्रत्येक पोरानं एका हातात दोरीचं टोक धरायचं, दुसऱ्या हातात टिपरी.

चौघं सुलटे फिरणार, चौघं उलटे. गाण्याच्या ठेक्यावर एकमेकांना ओलांडत गेलं की वर दोऱ्यांची वेणी पडत जाते. मग त्याच गाण्यावर उलट फिरून ती सोडवायची. एक जण चुकला की सगळ्यांची गाठ...

मी पाराच्या कडेला बसून बघायचे. उलट्या फेरातल्या पोरांना टिपरी डाव्या हातात धरायची होती. तिघांना जमलं कसंबसं. चौथ्याची मात्र दर फेरीला पडायची, शेवटी तो रडत घरी गेला.

मामांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या बांधलेल्या हाताकडं बघितलं. जवळ येऊन काही न विचारता गाठ सोडली आणि टिपरी हातात दिली. "ये बाई, तुझीच वाट बघायलोय आमी," म्हणाले.

काय सांगू... पहिल्या फेरीत पाय अडखळले, दुसऱ्या फेरीत गाणं अंगात उतरलं. टिपरी बरोबर टिपरीवर पडत होती. ज्या हातानं इतके दिवस बोलणी खाल्ली, तो एकदाही चुकला नाही. घरी परतताना मी चिंधी स्वतःच गुंडाळून घेतली, कुणाला कळू नये म्हणून.

पण गाव ते गाव. तिसऱ्या दिवशी आबांना कळलं आणि माझा गोफ बंद झाला. साऱ्या गावासमोर डावा हात नाचवणार का, असं विचारून ते शेताकडं निघून गेले. मी गोठ्यात जाऊन बसले, ती संध्याकाळपर्यंत उठले नाही.

दिवस मावळायच्या आत शिंपीमामा घरी आले. आबा ओसरीवर तहसिलातून आलेला कागद वाचत होते. त्यांना उर्दू चांगली यायची, अर्धं गाव त्यांच्याकडं कागद घेऊन यायचं. मी गोठ्याच्या दाराआडून ऐकत होते.

मामांनी आबांना विचारलं, "बापू, ह्यो कागद कोनीकडून वाचायलाव?"

"उजवीकडून. उर्दू हाय ती."

"आन् पोथी?"

"डावीकडून. हे काय इचारनं झालं?"

मामा म्हणाले, "दोनी वाचता, दोनीचा मान ठिवता. मग पोरगी उलटीकडून फिरली तर काय बिघडलं? मला उलटा फेर धराया मानूस न्हाई बापू. तुमची लेक न्हाई आली तर गोफ व्हत न्हाई."

आबांनी हातातला कागद उलटसुलट करून बघितला. मग कागदाची घडी घालत म्हणाले, "अष्टमीपुरतं. लय शेफारवू नका तिला."

काल्याच्या दिवशी दुपारी सगळं गाव लिंबाखाली जमलं. वेणी खाली उतरत आली, अगदी सरळ, बायका बोटं दाखवायला लागल्या. सोडवताना मात्र माझ्या पुढचा सदा गोंधळला आणि चुकीच्या बाजूनं निघाला. गाणं न थांबवता मी त्याला टिपरीनं ढोसलं. वळला बापडा वेळेवर...

आठही दोऱ्या मोकळ्या झाल्या, एक गाठ नाही. मी आबांना शोधलं. ते माणसांच्या मागं उभे होते, आणि शेजारच्या पाहुण्याला सांगत होते, "ती उलट्या फेरातली चौथी, ती आमची."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चिंधी घेऊन आली. आबा चूळ भरत होते. म्हणाले, "ऱ्हाऊ दे ते. जेवायला तेवढा उजवा. बाकी तिचं ती बघंल."

त्या दिवसापासून मी चुलीजवळ सगळ्यांबरोबर बसून जेवायला लागले, उजव्या हातानं, हळूहळू. आबा आणि मी आधी फारसं बोलतच नव्हतो. आता खुरपायला जाताना तेच म्हणायचे, ते गोफाचं गाणं म्हण की गं... आणि स्वतः भलत्याच सुरात मागं झील ओढायचे. आईला हसू आवरायचं नाही.

आपलं एखादं लेकरू जगापेक्षा उलटं चालत असेल तर त्याला बांधू नका. त्याला एखाद्या गाण्यात, एखाद्या फेरात उभं करून बघा. शिंपीमामांनी माझ्यासाठी तेवढंच केलं होतं... त्यांचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आज मानतेय.