उशिरा आलेल्यांचं फाटक

यूनुस मुकादम यांचं अर्धं आयुष्य कुवेतमधल्या एका गोदामाच्या फाटकावर गेलं. तिथला साहेब त्यांच्यावर खूश असे, कारण यूनुसच्या ड्युटीत पास नसलेला माणूस कधी आत शिरला नाही, मग तो गयावया करो की मोठ्यांची ओळख सांगो. वय झालं तसे ते पनवेलला घरी परतले. सुरुवातीचे दिवस मजेत गेले. पुढे मात्र घरात दोघांची पंचाईत व्हायला लागली. त्यांची बायको फहमिदा हिनं इतकी वर्षं घर एकटीनं चालवलेलं, आणि आता हे गृहस्थ स्वयंपाकघरात येऊन डबे कुठे ठेवावेत ते सांगणार. शेवटी तिनंच ओळखीत शब्द टाकला आणि तळ्याजवळच्या मराठी शाळेत त्यांना पुन्हा एका फाटकावर बसवून दिलं.

शाळा सकाळची. घंटा झाली की प्रार्थना, आणि प्रार्थना सुरू झाली की फाटक बंद. उशिरा आलेल्यांनी पहिला तास संपेपर्यंत बाहेर फुटपाथवर उभं राहायचं. मग खेळाचे परेश सर यायचे, दोन शब्द सुनावायचे, डायरीत शेरा मारायचे आणि सगळ्यांना रांगेनं आत न्यायचे. नियम त्यांचाच होता. आधीचा वॉचमन कुणी रडलं की विरघळायचा आणि फाटक किलकिलं करायचा. यूनुस विरघळणाऱ्यांतले नव्हते. मुलांनी आठवड्याभरात त्यांचं नाव कुलूपकाका ठेवलं. ते त्यांच्या कानावर आलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलं.

फुटपाथवर उभं राहणाऱ्या मुलांच्या नाना तऱ्हा. कुणाची रिक्षा रोज पंक्चर व्हायची. शार्दूल नावाचा सातवीतला मुलगा शाळेच्या मागच्याच बिल्डिंगीत राहायचा, घंटा ऐकून अंथरुणातून उठायचा आणि फाटकाशी येऊन यूनुसना सलाम करायचा. पाचवीतली आभा घरत मात्र यातलं काहीच करत नसे. ती करंजाड्याहून शेअर रिक्षानं यायची. फाटक बंद दिसलं की भिंतीला पाठ लावून खाली मान घालून उभी. रस्त्यानं येणारे-जाणारे बघायचे, इंग्रजी शाळेच्या बसमधली मुलं खिडकीतून बोटं दाखवायची. परेश सर आले की ती सगळ्यात शेवटी रांगेत लागायची. काही आठवडे ती अगदी वेळेवर असे आणि मग मध्येच एक आठवडा रोज उशीर. यूनुसना हे लक्षात आलं होतं. पण कारण विचारणं हे आपलं काम नाही, असं ते धरून चालले होते.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाली त्या सुमाराची गोष्ट. आभा धापा टाकत आली, बंद फाटक तिनं पाहिलं आणि उभी न राहता तशीच मागं वळली. गेली असेल घरी, असं यूनुसना वाटलं. शाळा सुटली तेव्हा मात्र ती फाटकाबाहेर होती. बाहेर पडणाऱ्या मुलांच्या घोळक्यात मिसळली आणि रोजच्या रिक्षात जाऊन बसली. यूनुस गोंधळले. दुसऱ्या दिवशीही तेच. आत आलेला प्रत्येक माणूस त्यांच्या हिशेबात होता, आत न आलेल्यांची त्यांनी कधी चिंताच केली नव्हती.

तिसऱ्या दिवशी फहमिदा त्यांचा डबा घेऊन आली. डबा खुर्चीवर ठेवला आणि सहज बोलावं तशी म्हणाली, की तुमच्या शाळेच्या ड्रेसातली एक पोरगी तळ्याच्या पायऱ्यांवर बसलीय. कालही तिथंच होती. दप्तर मांडीवर आणि पुस्तक उघडं. वरच्या कठड्यावर दोन रिकामटेकडे पोरगे बसून तिला काहीबाही विचारत होते. मी दटावलं तेव्हा उठले, पण लांब नाही गेले.

इतक्या वर्षांत ड्युटी सोडून यूनुस कधी फाटकापासून हलले नव्हते. त्या दिवशी त्यांनी किल्ली फहमिदाच्या हातात दिली, इथंच बस म्हणाले आणि निघाले. गुडघा दुखत होता तरी ते जवळजवळ पळतच तळ्यावर पोचले.

पोरगे कठड्यावरच होते. यूनुसचा युनिफॉर्म बघून त्यांनी बाईक काढली. आभा खालच्या पायरीवर होती. तिला हाक मारावी तर काय म्हणून, हे त्यांना कळेना. त्यांची स्वतःची लेक झेबा लहान होती तेव्हा ते दोन वर्षांनी एकदा सुट्टीवर यायचे. ती आईच्या ओढणीआड लपायची आणि हे काका परत कधी जाणार, असं विचारायची. लेकीशी कसं बोलायचं ते जरा जमायला लागेपर्यंत सुट्टी संपायची. आता झेबाच आई झाली होती, आणि लहान मुलीशी बोलण्याची यूनुसची विद्या तिथंच अडली होती.

ते तिच्यापासून जरा लांब, एक पायरी खाली बसले. तिनं पाहिलं आणि दप्तर छातीशी धरलं.

"मी ओरडायला नाही आलो, बेटा," ते म्हणाले. "शाळेत का आली नाहीस?"

"आलती ना. फाटक बंद होता."

"मग बाहेर थांबायचं. सर घेतात की नंतर आत."

आभा तळ्याकडे बघत हळूच म्हणाली, "तिथं सगळी बघतान. हितं कोन बघत नाय."

यूनुस उठले, त्यांनी तिचं दप्तर खांद्याला लावलं आणि दोघं चालत शाळेत आली. फाटकाशी फहमिदा खुर्चीत ताठ बसली होती आणि एका पुस्तकविक्रेत्याला आत सोडायला साफ नकार देत होती. तिनं आभाला आधी डब्यातलं अर्धं घावन खायला लावलं, मग आत जाऊ दिलं.

मुख्याध्यापिका नीता सामंत नव्यानंच रुजू झाल्या होत्या. यूनुसनी सगळं त्यांच्या कानावर घातलं. परेश सरांना बोलावणं गेलं. सर वाईट माणूस नव्हते. मुलांसाठी उन्हातान्हात मैदानावर राबायचे. पण त्यांचं म्हणणं एकच होतं, की एकदा दोर सैल सोडला की सगळेच उशिरा येतील, आणि पोर तळ्यावर जाऊन बसली ही तिच्या घरच्यांची चूक आहे.

यूनुस दाराशी उभे होते. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

"मॅडम," ते म्हणाले, "कुवेतला मी मालाची राखण करायचो. माल आत, चोर बाहेर, म्हणून कुलूप. इथं मी पोरांनाच बाहेर ठेवून कुलूप लावतोय. माझ्याच्यानं आता हे नाही होणार. पाहिजे तर दुसरा माणूस बघा."

सामंत बाई एवढंच म्हणाल्या, तुम्ही फाटकावर जा. यूनुसनी नोकरी गेली असंच धरलं, आणि घरी जाऊन फहमिदाला तसं सांगितलंही. डब्यांची जागा मात्र बदलायची नाही, एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आभाचे वडील भावेश घरत शाळेत आले. तळोज्याच्या एका कारखान्यातून नाईट करून तसेच आलेले, अंगात कंपनीचा शर्ट, डोळे लाल. आता आपली खरडपट्टी निघणार म्हणून ऑफिसात शिरतानाच त्यांनी हात जोडले. सामंत बाईंनी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि मुलीला उशीर का होतो, इतकंच विचारलं.

"हिची आई दिवस उगवायच्या आधी कामाला जाते, हॉस्पिटलच्या कॅन्टीनला," भावेश म्हणाले. "माजी नाईट आसली का मी घरी येईपरत धाकटा हिच्याजवळ आसतो. त्याला एकला टाकून कशी येल? आमची बस लेट झाली का हिला पन लेट."

परेश सरांनी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत. भावेशना प्रश्नच नीट कळला नाही. म्हणाले, "कोनी इचारलाच नाय, सर." बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता.

सोमवारपासून नियम बदलला. प्रार्थना संपली की फाटक लोटायचं, रस्त्यावरचं कुणी परकं आत यायला नको म्हणून. पण शाळेचं मूल आलं की उघडायचं, त्याला सरळ वर्गात पाठवायचं आणि काय झालं ते मधल्या सुट्टीत, एकट्याला, सामंत बाईंनी विचारायचं. पहिल्या आठवड्यात उशिरा येणारे खरोखरच वाढले. परेश सर यूनुससमोर येऊन उभे राहिले आणि उशिरा आलेल्यांची डोकी मोजून गेले. मग हळूहळू पूर ओसरला. शार्दूलचं दुखणं वेगळं होतं, त्यावर इलाज यूनुसनी स्वतः शोधला. घंटेच्या आधी ते मागच्या भिंतीशी जाऊन त्याच्या खिडकीखाली त्याला हाका मारू लागले. पहिल्या मजल्यावरच्या आजी रागावल्या, पण शार्दूल उठायला लागला.

यूनुसना वाटलं होतं, कुलूप काढलं की आपलं काम हलकं होईल. झालं उलटंच. आता त्यांना चेहरे वाचावे लागत. कोण रडून आलंय, कुणाला न्यायला आज अनोळखी माणूस आलाय, कोण सुटल्यावर घरी जायला का-कू करतंय. काही ते बाईंच्या कानावर घालत, काही स्वतः निभावत. चुकतही. एकदा एका मुलीच्या सख्ख्या मामाला त्यांनी अर्धा तास उभं केलं आणि बोलणी खाल्ली. परेश सरांचं मत पूर्ण बदललं असं नाही. शिस्त गेली असं ते अजून म्हणतात. मात्र उशिरा आलेल्या मुलाला जिन्यात गाठून हजेरी लावून घेतात, म्हणजे त्याला वर्गात सगळ्यांदेखत कारण सांगावं लागत नाही.

जूनमध्ये आभाच्या धाकट्या भावाला, विठूला, त्याच शाळेच्या बालवाडीत घातलं. आता नाईटच्या आठवड्यात भावेश कंपनीच्या बसमधून उतरून घरी येतात आणि दोघांना बाईकवर आणून रस्त्यापलीकडे सोडतात. तरी उशीर व्हायचा तो होतोच. परवाही झाला. आभा विठूचं बोट धरून, त्याच्या पावलानं, सावकाश रस्ता ओलांडून आली. यूनुसनी फाटक उघडलं. विठूला वाटेत कुत्र्याची पिल्लं दिसली होती, ती किती आणि कुठल्या रंगाची ते सगळं त्यानं उभ्या उभ्या सांगितलं, आणि यूनुसनी ते ऐकून घेतलं.

"चाचा, पहिला तास कुठला चाललाय?" आभानं विचारलं.

"मराठीचा. बाई आत्ताच आत गेल्यात," यूनुस म्हणाले. "जा, कविता अजून सुरू नाही झाली."