चुंबक न चिकटणारी कॉर्व्हेट

मंडळी, आज सकाळी माझी चांगलीच फजिती झाली.

मुलाच्या, ओंकारच्या अकरावीसाठी बायको त्याला घेऊन पुण्याला गेल्यापासून इथली सौदीतली शुक्रवारची सुट्टी मला खायला उठते. म्हणून खोबर शहरातल्या कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर फिरायला गेलो, तर तिथे साठच्या दशकातली लाल कॉर्व्हेट गाडी उभी! ओंकारच्या खोलीतल्या भिंतीवर हिचंच पोस्टर होतं.

मी रास तनुराच्या तेल रिफायनरीत पाइपांचा गंज तपासतो, त्यामुळे खिशात चुंबक असतंच. सवयीने दाराला लावलं, तर ते घसरून खाली पडलं. शेजारी उभ्या म्हाताऱ्या सौदी मालकाला मी गंभीरपणे म्हणालो, "तुम्हाला फसवलंय. पत्रा गंजून गेलाय, त्यावर सगळी पुट्टी भरलीय."

ते खो खो हसले. "अरे इंजिनिअर, ही जन्मापासून फायबरग्लासचीच! तेलासाठी आलेल्या एका अमेरिकन साहेबाने जहाजातून आणली होती. परत जाताना माझ्या वडिलांना देऊन गेला."

"म्हणजे गंजाची भीतीच नाही?"

"वरून नाही. खालचा सांगाडा लोखंडी आहे. तो गंजतो, पण वाकून बघितल्याशिवाय कळत नाही."

मग त्यांनी मला आत बसवून फोटो काढला. गाडीत दोनच सीटा, शेजारची रिकामी. घरच्या ग्रुपवर टाकला. ओंकारने अंगठा पाठवला. बायकोचा फोन आला, "मजेत दिसताय!"

"मजेतच आहे," मी म्हणालो.

इथे एकटे राहणाऱ्यांनो, खरं सांगा, तुमच्याकडे शेवटचं वाकून कोणी बघितलं होतं?