तात्यांची जत्रा आणि आमचा पाठपुरावा

आमच्या ख्रिस्ती मंडळीत पाठपुरावा नावाचं एक खातं आहे. तहसील कचेरीत अडकलेल्या कागदाचा लोक पाठपुरावा करतात, तसा आम्ही नव्या विश्वासणाऱ्याचा करतो. फरक एवढाच, की कागद बिचारा जागेवर असतो आणि नवा विश्वासणारा भेंडी तोडायला रानात गेलेला असतो.

या खात्यात माझी नेमणूक झाली ती मी पदवीधर आहे म्हणून. काटेवाडीच्या आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मीच. बारामतीत एका खताच्या दुकानात मी हिशेब लिहितो. गोणी मोजणाऱ्याला जगात कुणी विद्वान म्हणत नाही, पण मंडळीत म्हणतात. शिवाय खात्याच्या प्रमुख होत्या बाई. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. बारावीपासून पदवीपर्यंत त्यांनी मला आपल्या ओट्यावर बसवून इंग्रजी शिकवलं, आणि बायबलच्या वचनाची गोडीही मला त्याच ओट्यावर लागली. त्या बाईंनी "दर रविवारी उपासना झाली की बावड्याला जायचं" असं सांगितल्यावर नाही म्हणण्याइतकं शिक्षण मला मिळालेलं नव्हतं.

बावड्याच्या पुढे एका वस्तीवर तात्या राहत. दोडका, भेंडी, टोमॅटो पिकवायचे आणि बाजाराला पाठवायचे. त्यांच्या विश्वासात येण्याची हकीकत आमच्या मंडळीत साक्ष म्हणून सांगतात, पण थोडी काटछाट करून. आजारी होती काकी, तात्यांची बायको. प्रार्थना झाली काकीसाठी. बरी झाली काकी. ती विचारील त्याला गोळ्यांचं नाव सांगते, आणि ज्यांना काहीच झालेलं नव्हतं ते तात्या विश्वासात आले.

वस्तीवरचे लोक त्यांना विचारायचे, "तात्या, तितं जाऊन काय मिळालं?"

"मिळालं की," तात्या म्हणायचे. "दर आयतवारी ह्यो मास्तर मिळाला."

माझ्याजवळ नव्या विश्वासणाऱ्यांसाठीचं धड्यांचं पुस्तक होतं. ते कुठल्या तरी थंड देशात तयार झालेलं असावं, कारण त्यातल्या चित्रातला माणूस टाय लावून पलंगापाशी गुडघे टेकतो. प्रार्थनेच्या धड्यात लिहिलं होतं, की रोज एका शांत खोलीत दार लावून बसावं. तात्यांच्या घरी दोन खोल्या. एकीत काकी, दुसरीत टोमॅटोचे क्रेट.

"गोठ्यात बसलं तर चालंल का?" तात्यांनी विचारलं. "पर दार न्हाय गोठ्याला."

चालेल, म्हणालो. प्रभूचा जन्मच गोठ्यात झाला, हे पुस्तक लिहिणारा विसरला असेल, पण मला आठवलं. प्रार्थना करायची म्हणजे काय करायचं, असं त्यांनी पुढं विचारलं तेव्हा मी सोपं करून सांगितलं, "डोळे मिटायचे आणि मनात असेल ते देवबापाला सरळ सांगायचं. कुणाची भीडभाड ठेवायची नाही." हा धडा त्यांना फार आवडला. बाकीच्या धड्यांना ते माझ्यासमोर जांभया द्यायचे.

असं आमचं बरं चाललं असताना गावची जत्रा आली.

तात्यांच्या मुलीचं लग्न त्याच वर्षी झालं होतं. ती लासुर्ण्याला दिलेली. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेला लेक, जावई, विहीण असे सगळे पाव्हणे येतात, त्यांना मटणाचं जेवण घालायचं असतं. ही आमच्या भागातली रीत. पण विहीणबाईंच्या कानावर तात्यांची बातमी गेलेली होती. त्यांनी सुनेला सांगितलं, "तुज्या बापानं देव सोडला. आता कसली जत्रा आन् कसलं म्हायेर? हितंच ऱ्हा." मुलगी फोनवर रडली. काकी तात्यांशी बोलेनाशी झाली. तात्यांनी मला विचारलं, "मास्तर, जेवान घातलं न्हाय तर पोरीची वाट बंद व्हतीया. यावर धडा कंचा?"

धडा नव्हता. थंड देशात विहिणी नसाव्यात.

मी बाईंकडे गेलो. बाईंनी बायबलातलं पौलाचं पत्र काढून मूर्तीच्या नैवेद्याबद्दलचा भाग मला वाचून दाखवला. मग हा प्रश्न वडील मंडळींच्या बैठकीत गेला. तिथं निम्मे म्हणाले, पौल खाऊ देतो. निम्मे म्हणाले, पौल खाऊ देत नाही. दोन्हीकडच्यांजवळ तेच पत्र होतं. शेवटी सर्वांना पटेल असा निर्णय झाला. नेमक्या जत्रेच्या दिवशी बारामतीत आत्मिक वाढीचं शिबिर ठेवायचं आणि तात्यांना तिथं आणून बसवायचं.

"कोवळं रोप आहे," बाई म्हणाल्या. "कुंपण घालावं लागतं."

त्या रोपाला जावई आलेला आहे, हे मी बोललो नाही. "आणि त्यांची मुलगी?" एवढंच विचारलं.

"तिच्यासाठी शिबिरात प्रार्थना करू," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं. बाईंचा राग येत नाही तो यामुळेच.

जत्रेच्या सकाळी तात्यांना आणायला मी गाडी काढली. वस्तीवर पोचलो तर अंगणात कापडी मांडव, दगडांच्या चुलीवर पातेलं, आणि बायका भाकरी थापतायत. तात्या पळीनं रस्सा ढवळत होते.

"तात्या, शिबिर आहे आज."

"ठावं हाय. बोकाड माज्या गोठ्यातलं, मास्तर. देवळाकडं नेलं न्हाय, निवद दावला न्हाय. भावाच्या घरचा निवद भाऊ घिऊन ग्येला, त्याची चूल येगळी. ही चूल पाव्हण्यांची. इहीणबाईस्नी तसा सांगावा धाडलाय, यायचं का न्हाय ते त्यांनी बगावं." मग पळी थांबवून म्हणाले, "शिबिराला जेवायला काय हाय?"

"वरणभात."

"मग हितंच ऱ्हावा."

मी बाजूला जाऊन बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "तू तिथंच थांब, त्यांना एकटं सोडू नकोस. आणि तू जेवू नकोस." हे वाक्य त्यांनी पौलाच्या कोणत्या पत्रातून घेतलं ते अजून मला सापडलेलं नाही.

दुपारी लासुर्ण्याची जीप आली. विहीणबाई उतरल्या, त्यांच्यामागे जावई, आणि सगळ्यांत शेवटी मुलगी. तिच्या हातात पिशवी नव्हती, सामान जीपमध्येच होतं. जेवून लगेच परत न्यायचं ठरवून आणलंय, हे अंगणातल्या प्रत्येक बाईनं ओळखलं. काकी पदर तोंडाला लावून चुलीकडे वळली.

विहीणबाई मांडवभर नजर फिरवून म्हणाल्या, "जत्रा हाय म्हणायची. आमाला वाटलं पावबिस्कुट मिळतंय."

बायका हसल्या. तात्याही हसले, पण उत्तर दिलं नाही. मुलीच्या बापानं विहिणीसमोर मान खाली घालायची असते. तिनं टोमणा मारावा, यानं पान वाढावं. मनात काही असलं तरी विहिणीला सरळ सांगायची सोय नसते.

पंगत बसली. ताटं वाढून झाली. जावयानं भाकरी मोडायला घेतली तेवढ्यात तात्या टोपी काढून मधोमध उभे राहिले.

"जरा थांबा," म्हणाले, आणि डोळे मिटले.

वस्तीवरच्या कुणीही ही गोष्ट आधी पाहिलेली नव्हती. माणसं हातात घास धरून एकमेकांकडे बघू लागली.

"देवबापा, तात्या बोलतोय. जेवान दिलंस, बरं झालं. भेंडीला बाजार दिलास, त्येबी बरं झालं. माजा भाऊ निवद घिऊन ग्येलाय, त्येच्यावर रागावू नगंस, आन् त्यालाबी माज्यावर रागवू दिऊ नगंस. आमच्या इहीणबाई चांगल्या हायत्या. त्येंचं गुडघं दुकत्यात, तेवडं बग. पोरगी माजी एकलीच हाय. तिनं हितं येयाचं का न्हाय हे त्येंच्या हातात हाय. मी काय बोलू शकत न्हाय त्येंच्याम्होरं, माजं तोंड हुईत न्हाय. तू बोल. मी देव सोडला आसं म्हंत्यात, पर पोरीला सोडलेलं न्हाय. तिची आई चार दिस झालं जेवली न्हाय. तेवडं सांग त्येस्नी. आमेन."

माझ्याशिवाय आमेन कुणी म्हटलं नाही, आणि माझंही अर्धंच आलं. रश्शावर तुपासारखा थर धरला होता.

विहीणबाई ताटाकडे बघत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "इवाई, एवडं देवाला कशाला सांगायचं? मी हितंच बसलीया की. भयरी न्हाय."

"व्हय," तात्या म्हणाले. डोळे अजून उघडले नव्हते.

"आन् माज्या गुडघ्याचं कुनी सांगितलं तुमाला?"

"पोरीनं. काळजी करती ती तुमची."

विहीणबाईंनी सुनेकडे पाहिलं. सून भाकऱ्यांची टोपली घेऊन उभी होती, तिनं मान खाली घातली.

"जेवा आता समदी," विहीणबाई म्हणाल्या. "रस्सा पार गार क्येला ह्या माणसानं. आन् त्यो पोरगा कोण उबा हाय? त्यालाबी ताट द्या."

मला ताट आलं. काकीनं स्वतः वाढलं. मी बाईंना आणि पौलाला मनातल्या मनात नमस्कार करून जेवलो. मीठ थोडं जास्त होतं. पण एवढ्या लांबलचक प्रार्थनेत चुलीकडे लक्ष द्यायला तरी कोण होतं?

जेवणं झाल्यावर विहीणबाई जीपपाशी गेल्या, बसल्या, आणि मुलगी चढायला लागली तशी म्हणाल्या, "तू कुठं चाललीस? पिशवी काढ खाली. ऱ्हा चार दिस, आईला जेवू घाल." मग तात्यांना उद्देशून, पण तोंड रस्त्याकडे करून, "पुढल्या जत्रंला जेवल्यावर बोला म्हणावं, काय बोलायचं त्ये."

जीप गेली. मुलगी पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवून चुलीशी बसली. तिनं ताट वाढलं, काकीसमोर ठेवलं, आणि पहिला घास आईच्या तोंडात जाईपर्यंत तशीच बघत राहिली.